सुदेशने भाईंना दिलेलं रॉकेट

ती. सुलूताईस,

पार्से येथून धाकट्या गुरुदासचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली असेल आणि भावजी पथ्याचं जेवून तुझ्यावर चिडत नसतील, अशी आशा. गुडघ्यामुळे तुला डिचोलीहून माझ्या साठीला येता आलं नाही, त्याचा मला मुळीच राग नाही (तुझ्या भावजयीला, हर्षाला, आहे). फोनच केला असता, पण दोन घरांमधली भिंत पातळ आणि आपल्या चुलतभावाचे कान लांब.

तर सुदेश. त्याच्या सेजलने बंगळुरूहून, ती काम करते त्या अंतराळ मोहिमेची आठवण म्हणून बापाला काचेच्या पेटीतलं छोटं रॉकेट पाठवलं, हे तुला कळलंच असेल. त्याने ते सगळ्या पेडण्याला सांगितलंय. (आमचा साईश मांद्र्याच्या गेस्टहाऊसात आहे. तो मला अर्धे वापरलेले साबण आणतो.) बरं, लेकीने दिलेलं घरात ठेवावं की नाही? या पठ्ठ्याने ते सप्ताहाच्या दिवशी व्यासपीठावर आमदारभाईंच्या हातात दिलं! भाईंनी कपाळाला लावलं, फोटो निघाले. मी दर वर्षी भाईंना शाल देतो. गेल्या वर्षीची त्यांनी तिथल्या तिथे भजनीबुवांना पांघरली आणि मी टाळ्या वाजवल्या. आता सुदेशला पहिल्या रांगेत खुर्ची, मी मंडपाच्या खांबामागे. ताई, मी जळतो, साफ सांगतो. काजूच्या बागेत गेलो तरी याचं सुरूच, "आमचें रॉकेट भाईच्या सालांत मदीं दवरलां मरे!" मला भाईंचा हॉल आतून माहीतसुद्धा नाही, आणि याचं रॉकेट म्हणे तिथे मधोमध ठेवलंय.

म्हणून भाई माझ्या साठीला येतात की नाही, याच्यावर माझी सगळी अब्रू टांगलेली होती. येणार नाहीत, असं सुदेश म्हणाला, तेही माझ्याच घरची खीर दुसऱ्यांदा वाढून घेत. तो जेवून गेला आणि भाई आले! पाच मिनिटं बसले, चकचकीत कागदात बांधलेली भेट दिली आणि गेले. माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. सुदेशला बोलावून आणायला मी पायरी उतरलोही होतो, पण हर्षा म्हणाली, आधी उघडून तर बघा. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
गुरुदास

ता. क. हे पत्र घेऊन आलेल्या साईशकडून पेटी जपून उतरवून घे. हो, तीच. भाईंनी मला दिली. खोटं कशाला बोलू, आधी मी ती सुदेशच्या पडवीसमोरच्या खिडकीत मांडली होती. पण पलीकडे तो पाहुण्यांना हात उंचावून सांगत होता, सेजलचं रॉकेट भाईंनी किती उंचावर ठेवलंय, आणि माझ्याच्याने ते बघवेना. तुझ्या कपाटात साड्यांच्या मागे ठेव. त्याला कधी कळता कामा नये.

ता. क. दुसरा. येत्या सोमवारी सुदेश मला ते रॉकेट दाखवायला भाईंकडे नेणार आहे. माझ्यासाठी मुद्दाम वेळ मागून घेतलीय त्याने. तर सोमवारी मी कुठल्या आजाराने पडू, ते साईशकडे लिहून पाठव. आजार असा हवा, की मला सोडून तो एकटा जाणार नाही.