पाठीचं माप

४ मार्च
शाळेला पन्नास वर्षं झाली. समारंभात भाषण माझं. विषय : 'विज्ञान आणि भीती'. सव्वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, दुसऱ्या कुणाला बोलावणार? लोकरी कोट शिवायला टाचणीकडे गेले. माझी जुनी विद्यार्थिनी. वर्गात तिला सगळ्या टाचणीच म्हणत. माप घेताना म्हणाली, "बाई, मी पॉझिटिव्ह आहे." म्हटलं, शाब्बास, माणसाने असंच राहावं. ती हसली. मग नीट सांगितलं. एचआयव्ही. नऊ वर्षं झाली, औषध चालू, तब्येत ठणठणीत. कुणाला बोललेली नाही. "तुम्हाला सांगायची भीती वाटली नाही."
मी अर्थात शांत होते. घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

५ मार्च
स्पर्शाने होत नाही, हे मीच पोरींकडून घोकून घेतलं. पण काम करताना ती टाचण्या ओठांत धरते. टाचण्यांबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. चूक अभ्यासक्रमाची. टोचली नाही म्हणा. पण टोचली असती तर?

९ मार्च
कोट आला. सुरेख बसला. मग चिमट्याने उचलून वीस मिनिटं उकळला. सूनबाईने विचारलं, सूप आहे का. पातेल्यावर झाकण ठेवलं.

१० मार्च
कोट नातवाला होईल. हल्ली लोकर भेसळीची.
फक्त शेजारीणबाईंना सांगितलं, तेही शपथ घालून. आरोग्याच्या प्रश्नाला चहाडी म्हणत नाहीत.

१२ मार्च
रक्त तपासून घेतलं. लॅबवालीने विचारलं, कारण काय लिहू? म्हटलं, कोट.

१४ मार्च
रिपोर्ट निगेटिव्ह. उकळल्यामुळेच.
शेजारीणबाईंच्या पोटात काही राहत नाही. सगळ्या बिल्डिंगने टाचणीकडचं कापड परत आणलं. अज्ञानाची मला चीड आहे. जिन्यात एकीला सुनावलं, कपड्यांनी रोग होत नाही, एवढंही ठाऊक नाही? तिने विचारलं, मग तुमचा कोट का उकळला?
सूनबाई फार बोलते.

१६ मार्च
भाषण परवा, अंगावर घालायला काही नाही. तयार कोटांत मी मावत नाही. टाचणीकडे गेले. दुकान रिकामं, मशीनवर झाकण. पिशवीतला आटलेला कोट तिने उलटून पाहिला.
"उकळला?"
धुताना झालं, म्हटलं.
"हा रोग कशाने होत नाही, ते लिहा. दहावीच्या सहामाहीला होता हा प्रश्न. माझ्या यादीत दुसऱ्या नंबरला कपडे होते, बाई. तुम्ही पाचपैकी पाच दिले होते."
त्याच कापडाचा आणखी तुकडा तिच्याकडे होता. दोन दिवसांत होईल का, विचारलं. होईल म्हणाली, हल्ली दुसरं काम कुठे आहे. मग टेप माझ्यापुढे धरला. "तुम्हीच घ्या माप. मी लांबून लिहून घेते."
स्वतःच्या पाठीचं माप घेता येत नाही. आकडा अंदाजे सांगितला. जरा कमीच.

१८ मार्च
भाषण उत्तम झालं. 'ज्ञानापुढे भीती टिकत नाही' म्हणताना हात वर केला आणि पाठीची शिवण खालपर्यंत उसवली. सभागृहभर ऐकू गेलं. खाली उतरले तर शेवटच्या रांगेतून टाचणी आली. हातात टाचण्यांची डबी. दोन हातांवर थांबली.
"लावू का, बाई?"
आधी कधी विचारत नसे.