फलकावरून गळालेला शब्द

तीर्थरूप आत्यास,

वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या अर्धाच, उरलेला भेटीत). तुझा गुडघा, तुझी मांजर आणि कुंपणावरून तुझ्याशी भांडणारी शेजारीण, तिघंही ठणठणीत असतील असं धरून चालतो. मी बरा आहे, म्हणजे जेवतो, झोपतो. कॉलेजात मात्र परवा आमची जी शोभा झाली, ती तुला सांगितल्याशिवाय माझं पोट हलकं व्हायचं नाही.

आमच्या विभागातल्या बाई निवृत्त होतायत. तीस वर्षं त्यांनी क्विअर साहित्य शिकवलं (म्हणजे काय ते पुढे त्याच सांगतील, माझ्यापेक्षा बरं सांगतात). त्यांचा तास पहिल्यापासून शनिवारी दुपारी, झेरॉक्स मशीनशेजारच्या खोलीत, त्यामुळे कवितेतली कुजबुजसुद्धा त्यांना ओरडून शिकवावी लागे. ही खोली त्यांना देणारे गृहस्थच आज विभागप्रमुख आहेत. आम्ही त्यांना पाठीमागे ‘अर्धविराम’ म्हणतो, कारण त्यांचं वाक्य थांबतं पण संपत नाही. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येणार आणि ती ‘सर्वसमावेशकता’ शोधते, असं कळल्यावर अर्धविरामांना बाईंबद्दल एकाएकी उमाळा आला. गौरवासाठी चर्चासत्र ठरलं. फलकाचं काम माझ्या गळ्यात.

मी लिहून दिलं होतं, ‘क्विअर अभ्यास आणि साहित्य : गौरव चर्चासत्र’. अर्धविराम म्हणाले, फाटकावरून पालक जातात, पहिला शब्द काढून टाका. मी मान डोलावली (आमच्या नोकरीतलं निम्मं काम तेच). पुढे फलकवाल्याला ‘आणि’ जागेत बसेना म्हणून तोही शब्द गेला, ‘गौरव चर्चासत्र’ मुंगीएवढं झालं, आणि सकाळी फाटकावर हातभर अक्षरांत झळकलं : ‘अभ्यास साहित्य’. खाली सभागृहाकडे बाण. दहाच्या आत अकरा पालक पोरांना घेऊन वह्या-कंपास घ्यायला हजर. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून अर्धविरामांनी त्यांना चहा पाजून पुढच्या रांगांत बसवलं.

मग भाषणं. पहिल्या वक्त्याने बाईंच्या कामाला ‘त्या विषयातलं’ म्हटलं, दुसऱ्याने ‘वेगळ्या वाटेवरचं’, तिसऱ्याने ‘नाजूक’. अर्धविराम “तसं पाहिलं तर” म्हणाले आणि पाणी प्यायले. बाईंबरोबर सत्तावीस वर्षं संसार केलेल्या डॉक्टरीणबाई सहाव्या रांगेत होत्या. निमंत्रणपत्रिकेत त्यांना ‘स्नेही’ केलं होतं (टाइप मीच केलं).

शेवटी पुढच्या रांगेतली एक आई उभी राहिली. मुलीचा कंपास राहिला तो राहिला, पण दीड तास ऐकूनही या बाई शिकवतात काय ते समजलं नाही, तेवढं कोणीतरी सांगा, म्हणाली. बाईंनी माईक ओढून घेतला.

“बाई बाईवर प्रेम करते, पुरुष पुरुषावर करतो. ते आपल्या भाषेत कोणी लिहिलं आणि कोणी दडवलं, ते मी शिकवते. आणि सहाव्या रांगेतल्या त्या डॉक्टरीणबाई आहेत ना, त्या माझ्या घरच्या.”

“मग हे फलकावर लिहायचं की,” आई म्हणाली. “आम्ही कशाला भलतंच समजून आलो असतो?” आणि गेली नाही, खाली बसली.

त्यानंतर बाईंनी मंचावरची आपली खुर्ची उचलली. लोखंडी खुर्ची, मी धावलो तर नको म्हणाल्या. खाली आणून डॉक्टरीणबाईंशेजारी टेकवली आणि तिच्यावर बसल्या. मानचिन्ह द्यायला अर्धविरामांना सहाव्या रांगेतल्या लोकांच्या गुडघ्यांमधून आडवं सरकत जावं लागलं. फोटोत त्यांची फक्त पाठ आली आहे. डॉक्टरीणबाई हसत होत्या की रडत, ते मला दिसलं नाही, माझेच डोळे भरले होते.

आत्या, एवढी शिकलेली माणसं एका शब्दाला इतकी भितात, याची मला लाज वाटली. असल्या माणसांना कणा असतो तरी कुठे?

तुझा लाडका (हे तुझंच म्हणणं)
भाचा

ता. क. : समितीला गेलेल्या अहवालात चर्चासत्राची नोंद ‘पालक मेळावा’ अशी झाली आहे. उपस्थिती उत्तम.

आणखी एक ता. क. : बाबांच्या निवृत्तीच्या जेवणाला मी एकटा येणार नाही. सहा वर्षं माझ्या घरी जो राहतो, ज्याला बाबा फोनवर ‘तुझा भाडेकरू’ म्हणतात आणि मी “हो” म्हणतो, तोही येईल. तो भाडेकरू नाही. एवढं बाबांना तू सांगशील का? तू त्यांची थोरली बहीण, तुझ्यावर ते आवाज चढवत नाहीत. शब्द कोणता वापरायचा ते तूच बघ.