अक्काला माझे ओठ दिसेनात

मंगळवार, ११ मार्च २०२५, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

देवणीहून अक्काचा व्हिडिओ कॉल आला आणि तिच्या मोबाइलवर माझा चेहरा पुन्हा थिजला. मला ती स्वच्छ दिसत होती. तिला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. शुक्रवारी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, घाबरली आहे, आणि धीर देणारे माझे ओठ तिथे थिजलेले!

इंटरनेटवाल्याला बोलावलं. म्हणाला, "शंभरचा स्पीड हाय की, मावशी. तुमचा मोबाइलच जुना झालाय."

शंभर म्हणजे डाउनलोड, आपल्याकडे येतं ते. माझा चेहरा इथून जातो, तो अपलोड. तो मोजला का? मुळीच नाही. मी मोजायला लावला. एकसुद्धा भरला नाही.

"अपलोड कोण बघतंय, मावशी?"

"माझी बहीण बघते!"

जास्त ओरडले का? नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर अर्धं गणित तपासून मार्क देत नसत.

उद्या दहाला त्यांच्या ऑफिसात अर्ज देणार. अपलोड का पडला आणि कधी सुधारणार, याचं लेखी उत्तर मला गुरुवारी दुपारी बाराच्या आत हवं, सही-शिक्क्यासह.