बैठक क्रमांक ६४

१२ मार्च २००६, रविवार
बाहेर अजून बर्फ. येऊन नऊ आठवडे झाले, हीटरने टाचा फुटल्या. निखिल सकाळपासून डायनिंग टेबलवर याद्या पसरून बसला, तो जेवायला हाक मारेपर्यंत हलला नाही. बँकेतली चांगली नोकरी सोडून चिरंजीव एका फुटबॉल टीमच्या ऑफिसात आकडेमोड करतात. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांना धडका मारायचा, तो. करार एक वर्षाचा, मेअखेर संपतो. व्हिसा त्याच नोकरीवर. रश्मी म्हणते, आई, तुम्ही तरी सांगा त्याला. सासूला सुनेने पुढे करायचं, हे बरं आहे. मी सांगून त्याने एकदाच ऐकलं, गणित घे म्हटलं तेव्हा. त्याचं हे असं झालं.

१५ मार्च, बुध.
नि.ने आज समजावलं. एप्रिलअखेर सगळ्या टीम्स आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या. म्हणजे अकरावीच्या प्रवेशफेऱ्याच, फक्त इथे कॉलेजं रांगेत आणि पोरं घरी बसलेली. गेल्या वर्षी जी टीम सगळ्यात जास्त हरली ती आधी निवडणार. ढ पोराला पहिल्या बाकावर बसवतात तसं. आमची टीम बरीच पुढे बसली आहे.

टीमचे सहा स्काउट वर्षभर गावोगाव फिरून पोरांचे खेळ बघतात आणि शंभरापैकी मार्क देतात. एका पोराला दोघे तपासतात. त्यावरून ऑफिसच्या भिंतीवर यादी लागते.

विचारलं, मॉडरेशन करता का? एक मास्तर कडक, एक सैल, ते समान करायला नको? म्हणाला, "तेवढं केलंय आई, त्यासाठीच घेतलंय मला." थोडा राग आला. चौदा वर्षं बोर्डात मॉडरेटर होते मी. म्हटलं, मूळ पेपर दाखव. तर ऑफिसचं गुपित आहे म्हणे. मग नावं काढून दे, बोर्डात तरी कुठे नावं असतात.

१८ मार्च, शनि.
दोन दिवस किचनमध्ये घुटमळत होता. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय लहानपणापासूनची. शेवटी गठ्ठा दिला. तीन वर्षांचे मार्क आणि शेरे. पोरांना नंबर, कॉलेजांना नंबर, स्काउट A ते F. रश्मीकडून लाल पेन मागवलं. बरं वाटलं.

२० मार्च, सोम.
A सैल. C चा हात दुखतो की काय, सत्तरच्या वर जातच नाही. हे सगळं नि.ने आधीच सरळ केलंय, नीट केलंय. D शेरे आधी लिहितो आणि मार्क नंतर जुळवतो. ओळखू येतं.
E उत्तम. असा परीक्षक बोर्डाला मिळता तर माझी निम्मी डोकेदुखी गेली असती. दुसऱ्या कुणाशीही ताडून बघा, दोन-तीन मार्कांचा फरक, जास्त नाही.
फक्त कॉलेज क्र. ७ सोडून. तिथली पाच पोरं, पाचही जणांना इतरांपेक्षा सात-आठ मार्क कमी. शेरेही एका ओळीचे. एरवी हा माणूस अर्धं पान लिहितो.

२१ मार्च, मंगळ.
सकाळी चहाला नि.ला विचारलं, तुमचा E पूर्वी त्या सात नंबरच्या कॉलेजात शिकवायला होता का? की त्याचा मुलगा आहे तिथे?
कप खाली ठेवला त्याने. अकरा वर्षं कोच होता म्हणे. यंदाचा क्र. ६४ तर त्यानेच शाळेतून हेरून तिथे नेलेला, पोरसवदा असल्यापासूनचा.
"तुला कसं कळलं?"
अनुभव, म्हटलं. आणि डोशाचं पीठ ढवळायला घेतलं.

इथे लिहायला हरकत नाही. नि. नववीत माझ्याच वर्गात होता. वार्षिकला भूमितीच्या पेपरात त्याचे चार मार्क कापले मी. पायऱ्या बरोबर होत्या, आकृती बरोबर होती. ते चार धरले तर पहिला येत होता. बाईंचा मुलगा म्हणून पहिला आला, असं स्टाफरूममध्ये कुणी म्हणायला नको. कुणी म्हटलं नाही. घरी तो दोन दिवस गप्प होता. तेव्हा जे केलं ते योग्यच केलं, अजूनही म्हणते.

२३ मार्च, गुरु.
नि.चं गणित: E चे मार्क सरळ केले तर ६४ दुसऱ्या फेरीच्या लायकीचा. आमच्या भिंतीवर तो पाचव्या फेरीत लोंबकळतोय. बाकीच्या टीम्स त्याला तिसऱ्याच्या शेवटी धरून असाव्यात, असा मासिकांवरून अंदाज. म्हणजे दुसऱ्या फेरीत उड्या मारायच्या नाहीत, तिथे दुसरं कुणी घ्यायचं आणि याला तिसऱ्याच्या सुरुवातीला उचलायचं. आंब्याचा भाव उतरायची वाट बघावी, आंबे संपायची नाही. हे मी म्हटलं, तर नि.ने वहीत लिहून घेतलं.

३० मार्च, गुरु. पाडवा
मागच्या डेकवर गुढी. काठी मिळेना, मॉपचा दांडा काढून लावला. वरचं पातेलं नि.ने स्वतः उपडं घातलं.

नि. काल साहेबांशी बोलला. साहेब म्हणजे ज्याच्या शब्दावर टीम निवड करते तो. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं, मार्क E चे आहेत, बदलायचे तर E बदलेल. मी माझ्या स्काउटवर आकडेवाला बसवणार नाही. तू बोल त्याच्याशी.

साहेब हुशार आहे. बोर्डाचाही नियम हाच. रश्मीचं म्हणणं, एका पोरापायी तू तिथल्या सगळ्यात जुन्या माणसाशी वैर घेणार, आणि दोन महिन्यांत करार संपतोय. तिचं चुकत नाही. पण बरोबर उत्तर खोडायचं कसं?

५ एप्रिल, बुध.
E चं नाव डेल. अडुसष्ट वर्षांचा. नि.ने आज कागद दाखवला, तर भडकला. चाळीस वर्षांत मी कुणाची बाजू घेतली नाही, म्हणे. अहो तेच तर! नंतर विचारलं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं? नि.ने खरं सांगितलं, आईच्या. डेल दार आपटून गेला.

पोरगा जेवला नाही धड. त्याला सांगितलं, परत बोलू नकोस, विनवण्या तर मुळीच नाही. कागद त्याच्या टेबलावर राहू दे. कडक परीक्षक कुणाचं ऐकून मार्क बदलत नाही. पेपर समोर असला आणि कुणी बघत नसलं तर बदलतो. रश्मीला वाटतं मी उंटावरून शेळ्या हाकते. हाकते खरी, पण या शेळ्या माझ्या ओळखीच्या आहेत.

१३ एप्रिल, गुरु.
काही नाही. डेल दौऱ्यावर. नि.ला गुड मॉर्निंग म्हणणं बंद झालंय. रश्मीने बँकेतल्या नि.च्या जुन्या मॅनेजरला फोन केला, नि.ला न सांगता. मला सांगितलं. मी कुणाला सांगितलं नाही.

१९ एप्रिल, बुध.
संध्याकाळी ऑफिसातून नि.चा फोन. डेल विचारतोय, तुझी आई अजून इथेच आहे का? मला भेटायचंय. रविवारी जेवायला बोलव, म्हटलं. नि. म्हणाला, "आई, तो खूप चिडलेला आहे, यार." मुख्याध्यापक चिडलेले बघितलेत मी, हा कोण लागून गेला.

२३ एप्रिल, रवि.
डेल आला. दारातून वाकून आत यावं लागलं एवढा उंच. हातात फुलं, माझ्यासाठी. वरण-भात, वांग्याची भाजी, तिखट कमी. दोनदा घेतलं. खेळाचं एक अक्षर नाही. रश्मी भांडी आवरत होती, नि. गॅरेजमध्ये डेलच्या ट्रकचा टायर बघायला गेला, तेव्हा डेल मला म्हणाला, तुम्ही मला न बघता ओळखलंत कसं?

माझं इंग्रजी मास्तरणीचं, पण स्पष्ट. सांगितलं त्याला. नववी, भूमिती, चार मार्क. जगात कुणाला सांगितलं नव्हतं, नि.च्या बाबांनाही नाही. परक्या माणसाला सांगणं सोपं गेलं.

चमचा ताटात ठेवला आणि विचारलं, "मुलगा हुशार होता?"
म्हटलं, वर्गात सगळ्यात.
"त्याला माहीत आहे?"
नाही म्हटलं.
मान हलवली. जाताना नि.च्या खांद्यावर हात ठेवून गेला. नि. विचारत होता काय झालं. काही नाही, म्हटलं.

हा बदलणार. मला खात्री आहे. माझ्याएवढाच हट्टी आहे आणि माझ्यापेक्षा बरा माणूस आहे.

२९ एप्रिल, शनि.
ड्राफ्ट. दुपारपासून टीव्हीपुढे मी आणि रश्मी. नि. पहाटेच गेला, फोन करायला बंदी. पहिल्या फेरीतच पाच-सहा तास गेले. सुटाबुटातली पोरं, बाजूला रडणाऱ्या आया. दुसऱ्या फेरीत आमच्यांनी एक धिप्पाड पोरगा घेतला, क्र. ७ चा नव्हे, हे नंतर कळलं. ठरल्याप्रमाणे.
तिसरी फेरी. आमच्या आधी दोघे होते. त्यांनी दुसरेच घेतले. मग आमची पाळी. माणूस माइकपाशी आला, नाव वाचलं, मग कॉलेजचं. क्र. ७ म्हणजे कुठलं हे मला नि.ने सांगितलं नव्हतं. मी रश्मीकडे बघितलं. ती रडत होती, म्हणजे तिला सांगितलेलं होतं. मला नाही सांगितलं. असो.
पोराचं नाव आता कळलंय, पण मी ६४च लिहिणार.

३० एप्रिल, रवि.
नि.ने सांगितलं: परवा सगळे जमले असताना डेल उठला. भिंतीवरची ६४ ची पट्टी स्वतःच्या हाताने काढून वर लावली. कागदावर जुना आकडा खोडून नवा घातला, खाली सही. म्हणाला, हा पोरगा माझा आहे, म्हणून मी त्याला कापला. एवढंच, आणि बसला.
मॉडरेटरच्या खोलीत चौदा वर्षांत असं कुणी केलेलं बघितलं नाही मी. मी तर नाहीच केलं.

३ मे, बुध.
साहेब खूश आहे, पण कराराचं बोलत नाही. सहा महिने वाढवू, पुढचं पोरं मैदानात उतरल्यावर बघू म्हणे. ६४ खरा कसा आहे ते कळायला दोन-तीन वर्षं लागतात. रश्मीने सुस्कारा सोडला, बँकेचा नंबर मात्र खोडलेला नाही. मला विचाराल तर पोरगा खेळेल. E च्या शेऱ्यात एक शब्द होता, जिद्दी, तो त्याने दुसऱ्या कुणाला लिहिलेला नाही.

५ मे, शुक्र.
रविवारी माझं विमान. बॅग भरत होते. नि. दाराशी येऊन उभा राहिला. डेलने आज विचारलं म्हणे, आईने तुला सांगितलं का? काय सांगायचं होतं, आई?

सांगितलं. बसून सांगितलं, त्याच्याकडे बघून. नववी, वार्षिक, भूमिती, चार मार्क. पायऱ्या बरोबर होत्या हेही सांगितलं. पहिला तूच होतास, म्हटलं. चुकलं माझं.
वाटलं होतं चिडेल, नाहीतर हसण्यावारी नेईल. दोन्ही केलं नाही. माझ्या शालीची घडी घालत होता, ती नीट चौकोनी घालून बॅगेत ठेवली.
मग म्हणाला, "फक्त नववीतच, आई?"

मी आठवू लागले. तो थांबला होता. खालून रश्मीने जेवायला हाक मारली, येतो म्हणाला, पण गेला नाही.