'ह'च्या पानावरचं तिसरं गाणं

बाबा, तुझी गाण्यांची वही सध्या माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, ऑफिसातून आणलेली. पहिल्या चार पानांवर ब्रेकच्या कुठल्यातरी पार्टची मापं आहेत आणि पाचव्या पानावर एकदम 'अ'. सगळी जपानी गाणी, पण लिहिलेली देवनागरीत. कराओकेच्या ठिकाणी गाण्यांची यादी आवाजावर लावलेली असते, नावातला पहिला आवाज धरला की गाणं सापडतं, हे तू मला डायनिंग टेबलवर समजावून सांगितलं होतंस. अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. "आपलाच वर्ग आहे रे हा, फक्त अर्धी मुलं गैरहजर," म्हणाला होतास. प्रत्येक गाण्यापुढे तुझ्या बारीक अक्षरात शेरा आहे. 'उंच जातं, सर्दीत घेऊ नये.' 'मध्ये बोलायचं आहे, तेव्हा हसू नये.' 'टाळ्या हमखास.' जपानहून हेड ऑफिसची माणसं आली की तुला त्यांना जेवायला न्यावं लागायचं, आणि जेवणानंतर गावं लागायचं. रिपोर्ट वाईट गेला तरी गाणं बरं गेलं तर माणसं दुसऱ्या दिवशी बोलतात, असं तुझं मत. मला अजून दिसतं ते असं: मिशिगनमधल्या ट्रॉयचा हिवाळा, ड्राइव्हवेत गाडी, हीटर चालू, काचा बंद, आणि आत तू डोळे मिटून ओरडतोयस. आई दारातून हाक मारते, "अरे, आत ये आता, शेजारचे पोलीस बोलावतील!" तू काच चार बोटं खाली करतोस आणि म्हणतोस, "एकच कडवं राहिलंय." मी मागच्या सीटवर बसलेलो असायचो. गाणी मला अशी पाठ झाली, एका शब्दाचाही अर्थ न कळता.

मग तो कंपनीच्या पिकनिकचा दिवस. मी नऊ वर्षांचा. हॉलमध्ये मशीन लावलेलं होतं, हेड ऑफिसचे मोठे साहेब माइककडे निघाले होते, स्पीकरवर सुरुवातीचं म्युझिक वाजलं आणि मी ओळखलं, 'ह'च्या पानावरचं तिसरं. पळत गेलो, माइक घेतला आणि सुरू झालो. काय टाळ्या! साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरंच काहीतरी छोटंसं गाणं म्हणून खाली बसले. मला वाटलं तू आइस्क्रीम घेऊन देशील. तू गाडी हायवेला घातलीस. मग म्हणालास, "ज्याचं गाणं त्याने म्हणायचं असतं. ते त्यांचं होतं. गेली वीस वर्षं ते तेवढंच म्हणतात. तू माणसाच्या ताटातलं उचललंस."

"पण सगळे टाळ्या वाजवत होते!"

"ते टाळ्याच वाजवणार. म्हणून तर आपण सांभाळायचं."

मी घरी येऊन गाडीचं दार इतकं जोरात आपटलं की आई बाहेर आली. रात्री तू वहीत त्या गाण्यापुढे शेरा लिहिलास: 'साहेबांचं. आपण म्हणायचं नाही.' अधोरेखित, दोनदा. तो माझ्यासाठीच होता हे मला तेव्हाच कळलं होतं.

तू गेलास तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दार आपटायची सवय तशीच राहिली. ॲन आर्बरला इंजिनिअरिंगची ॲडमिशन मिळाली तेव्हा आईने चारशे लोकांना फोन केले असतील. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टमधलं माझं काम पार्टनरने स्वतःचं म्हणून दाखवलं, प्रोफेसर म्हणाले "आपापसांत मिटवा", मी लॅपटॉप मिटला, वर्गातून उठलो आणि त्याच दुपारी कॉलेजातून नाव काढून घेतलं. मिटवलं एकदाचं. आई फोनवर रडली नाही. "कोणाच्या वळणावर गेलायस रे तू?" एवढंच. आता बसस्टॉपजवळच्या एका जपानी खानावळीत काम करतो. रामेन नूडल्सचे बाउल उचलतो, आणि रविवारी दुपारी मागच्या खोलीत गाणारी मंडळी येतात त्यांना मशीन लावून देतो.

ती तिथेच भेटली. पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करत होती, जपानमधल्या नागोयाची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. एका रविवारी तिच्या मैत्रिणी आल्या नाहीत, ती एकटीच बसली होती, म्हणाली, तूच म्हण एखादं. मी 'क'च्या पानावरचं म्हटलं. ती हसून हसून सोफ्यावर आडवी.

"तू आत्ता काय म्हणालास माहितीये? तू विधवा आहेस, बंदरावर मासे सुकवतेस आणि परत लग्न करणार नाहीयेस."

"मी छान केलं का पण?"

"छान? माझ्या आजोबांच्या ऑफिसातला माणूस वाटलास. हे शिकवलं कोणी तुला?"

मी तुझ्याबद्दल सांगितलं. गाडीबद्दल, वहीबद्दल, पिकनिकबद्दलही. तेव्हापासून दर रविवारी एक पान. ती अर्थ सांगायची, मी शेजारी पेन्सिलने लिहायचो. तुझ्या वहीत लिहिलं म्हणून रागावू नकोस. 'स'च्या पानापर्यंत मी पुरता गेलेलो होतो, बाबा. बर्फात तिच्या सायकलच्या मागे पळत गेलोय मी, विसरलेला हातमोजा द्यायला, ॲप्रन घालून. मे महिन्यात ती परत जाणार होती. मी म्हटलं, मीही येतो, तिकडे खानावळी नाहीत का? ती हसली नाही. म्हणाली, "बाबा येतायत मला न्यायला. आधी त्यांना भेट. त्यांना तू पटलास तर बाकीचं मी बघते." यापेक्षा सरळ कोण काय सांगणार?

ते आले त्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बारीक, टापटीप माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला. मागच्या खोलीत आम्ही तिघंच. त्यांनी तिला काहीतरी विचारलं, माझ्याकडे बघून. तिने उत्तर दिलं, त्यातला 'इंजिनिअर' एवढाच शब्द मला कळला.

"काय सांगितलंस?"

"शिकतोयस म्हणून सांगितलं. आज असू दे ना. प्लीज."

डोक्यात गेलं माझ्या. ती माझ्यासाठीच खोटं बोलली होती, हे कळूनही गेलं. मी सरळ त्यांना इंग्रजीत सांगितलं की मी कॉलेज सोडलंय आणि इथे भांडी उचलतो. त्यांनी मान हलवली. वाईट चेहरासुद्धा केला नाही. आणि चहा प्यायले. मला ती हललेली मान सहन झाली नाही. ओरडले असते तर मी ओरडलो असतो, हिशेब मिटला असता.

मग त्यांनी चष्मा वर करून यादी चाळली, बोटाने सावकाश, आणि एक गाणं लावलं. ती माझ्या कानाशी आली. "आई गेल्यापासून म्हटलं नव्हतं त्यांनी. पाच वर्षं. त्यांचं एकच गाणं आहे." तिचे डोळे भरले होते. स्क्रीनवर नाव आलं. मला जपानी वाचता येत नाही, पण म्युझिक सुरू झालं आणि मी ओळखलं. त्या वयाच्या अर्ध्या माणसांचं तेच असणार, त्यात नवल नाही. त्यांचा हात माइककडे जात होता.

मी विसरलो नव्हतो, बाबा. तू दोनदा मारलेली ती रेघ डोळ्यांसमोर होती. आणि मी माइक उचलला.

स्क्रीनकडे पाठ करून म्हटलं, तिन्ही कडवी, तुझ्यासारखे डोळे मिटून. मीही कोणाचा तरी मुलगा आहे, हे त्या माणसाला दाखवायचं होतं बहुतेक. चांगलं झालं रे. खरंच इतकं चांगलं कधी झालं नव्हतं. डोळे उघडले तेव्हा त्यांचा हात परत गुडघ्यावर गेलेला होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. उठून उभे राहून, वाकून, नीट टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, आता तुमचं. त्यांनी हसून हात हलवला, नको, घसा. यादी बंद करून माझ्या बाजूला सरकवली.

पार्किंगमध्ये ती म्हणाली, "तुला माहीत होतं."

"मी रागात होतो."

"तूच सांगितली होतीस मला ती पिकनिकची गोष्ट. तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास." आवाज चढला नव्हता. "आता ते कधीच म्हणणार नाहीत. तुला कळतंय का? कधीच."

"मग एकदा बोलावून आण त्यांना, मी—"

"नको," ती म्हणाली, आणि सायकलचं कुलूप उघडायला वाकली. मला कुलूपही उघडू दिलं नाही. मंगळवारी गेली. मी एअरपोर्टला गेलो नाही. ये म्हणालीच नव्हती.

त्यानंतर मी तिला खूप मेसेज केले. लांबच लांब. तिने खोटं का सांगितलं, मला किती लागलं, मी कसा आहे, बाबा नसलेला मुलगा कसा होतो, सगळं. एकालाच उत्तर आलं. त्यात तिच्या वडिलांचा नागोयाचा पत्ता होता आणि खाली एक ओळ: 'मला नको लिहूस, त्यांना लिही.' तिच्या वडिलांना इंग्रजी पत्र वाचता येतं, दोन ओळी पुरल्या असत्या. त्याला आता दोन महिने झाले. बसलो की पहिल्या वाक्यात मी येतो, दुसऱ्यात तू येतोस, आणि त्यांचं गाणं यायच्या आत मला राग येतो. फाडतो. आज पुन्हा बसलो होतो, पाकिटावर पत्तासुद्धा घातलाय, आणि कागदावर लिहिलं 'बाबा'. हे सगळं त्यांना लिहायचं होतं. तुला लिहिलं, कारण तू टाळ्याही वाजवणार नाहीस आणि मानही हलवणार नाहीस. आणि अजून माफीचा शब्द मी कोणालाच लिहिलेला नाही, इथेही नाही.