शिलाची चौथी भाषा

पुणे,
१४ जुलै २०२४

तीर्थस्वरूप बा यांस,

शिलाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. याडीलाही सांगा. इथल्या मुली आईला मम्मा म्हणतात. मी याडी म्हटलं की विचारतात, ही कोण?

वसतिगृहात मोबाईल चालत नाही. वॉर्डनबाईंचा फोन महिन्यातून एकदा पाच मिनिटं मिळतो, तोही मागे रांग उभी असताना, आणि तांड्यावर रेंज असली तर. म्हणून पत्रच लिहीत जाईन.

जेवण बरं आहे, तिखट नाही. शिष्यवृत्तीवर आलेली नववीत मी एकटीच. तिसरी भाषा म्हणून सगळ्यांना फ्रेंच आहे. बाकीच्या पाचवीपासून शिकतात. अजब भाषा आहे, बा. लिहायची सात अक्षरं आणि म्हणायची तीन, बाकीची नुसती बसलेली. टेबल म्हणजे बाई, पुस्तक म्हणजे बुवा. ऐंशीला 'चार वीस' म्हणतात. मला एकदम याडी आठवली, ती शेळ्या अशाच विसांनी मोजते.

फ्रेंच छान चाललं आहे, काळजी करू नका. काळी शेळी व्याली का?

लोभ आहेच, तो कागदावरही पाठवत जा.

तुमची शिला


पुसेगावजवळचा तांडा,
२८ ऑगस्ट २०२४

चि. शिलास बाचे पोटभर आशीर्वाद.

आमी खुशाल हाव. काळी शेळी व्याली, दोन पिल्लं झाली. सोयाबीन शेंगा धरून राहिलंय.

तीज झाली. तांड्यातल्या कुवार पोरींनी दुरड्यांत गहू पेरले, पाणी घातलं, गाणी म्हणली. तुझी दुरडी तुझ्या याडीनं भरली आन् रोज पाणीही तीच घालायची. पोरी म्हणल्या, काकू, हे कुवार पोरींचं काम. तिनं ऐकलं न्हाई.

आता खरी गोष्ट लिहितो. तुझ्या शाळेचं पत्र आलं. फ्रेंचमधी चाळीसपैकी सहा. फ्रेंचच्या मोहिनी मॅडमनी लिहिलंय, पोरगी हुशार हाय पण तासाला तोंड उघडत न्हाई. सहामाहीत पास झाली न्हाई तर शिष्यवृत्ती पुढं चालायची न्हाई. तू तर छान चाललंय म्हणून लिहिलं होतं. मी रागावलो न्हाई. तुला कधी सांगितलं न्हाई, पण मी पहिलीत बसलो तवा मला मराठीचा एक शब्द येत नव्हता. घरात गोरमाटी, तांड्यावर गोरमाटी. मास्तर हजेरी घ्यायचे तर 'हजर' म्हणायची भीती वाटायची. सहा महिने मास्तर मला मुकाच समजले. म्हणून तुझं गप बसणं मला बराबर कळतं.

याडी म्हणते, लेकरू घेऊन या, सेनगावला शाळा काय कमी हायेत? तू लिहिशील तर रविवारी न्यायला येतो. पण खरं काय ते लिही.

तुझ्यावर जीव टाकून असलेला,
बा (रूपसिंग राठोड)


पुणे,
८ सप्टेंबर २०२४

ती. बा यांस,

शिलाचा नमस्कार, या वेळी खाली मान घालून.

तुमचं पत्र मी गच्चीवर जाऊन वाचलं. खोटं लिहिलं, चुकले. पहिल्याच आठवड्यात मला धडा वाचायला उभं केलं. यांचा 'र' घशातून काढायचा असतो. माझा निघाला तो शेळ्या हाकताना निघतो तसा. सगळा वर्ग हसला. त्यानंतर मी त्या तासाला बोललेच नाही.

शाळेत हिला तिसरी भाषा म्हणतात, बा. माझी ती चौथी आहे. आणि पहिली बोलायला इथे कोणीच नाही. तीन महिने झाले. कपडे वाळत घालताना मी ओल्या गणवेशाशी गोरमाटीत बोलते. कोणी आलं की गाणं म्हणत असल्यासारखं करते.

याडीच्या दुरडीचं वाचलं आणि उठून पिशवी भरली. कपडे, पुस्तकं, सगळं. मग काय वाटलं कोण जाणे, परत काढून ठेवलं. सहा मार्क घेऊन मला यायचं नाही. सहामाहीपर्यंत तुम्ही न्यायला येऊ नका. एवढं मात्र लिहा, तुमचं बोलणं सुटलं कसं?

माया पातळ करू नका.

तुमची शिला


तांडा,
१८ सप्टेंबर २०२४

चि. शिलास आशीर्वाद.

तुझी याडी तुझ्यावर रुसलीय. पिशवी भरली व्हती तर परत काढली काहून, म्हणते. मी हसलो तर माझ्यावरही रुसली.

तू इचारलं ते सांगतो. दुसरीत असताना तुझ्या आजीसंगं कनेरगाव नाक्यावर सीताफळं इकायला बसायचो. एक दिवस आजी पाणी आणायला गेली आन् एसटी थांबली. एका बाईनं खिडकीतून इचारलं, पिकलेली हायेत का. गाडी तर निघून राहिली होती. मी ओरडलो, "पिकला हाय, तू खा!" बाई हसली, मागचे पुढचे सारे हसले. पण तिनं टोपलीभर सीताफळं घेतली. म्हणजे मी काय म्हणलो ते तिला समजलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून मी प्रत्येक गाडीला ओरडायचो. लई चुकायचो. सुधरायला वर्सं लागली.

तू मोठी हायेस, तुला काय शिकवू? तुझी आठवण करत बसायला मला येळ मिळत न्हाई असं याडीला वाटतं. ते खरं न्हाई.

तुझा बा


पुणे,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. बा आणि याडी यांस,

शिलाचा दसऱ्याचा नमस्कार.

मी पास झाले. चाळीसपैकी पंधरा. चौदाला पास असतं. शिष्यवृत्ती टिकली.

तोंडी परीक्षेला आत गेल्या गेल्या मी मोहिनी मॅडमना सांगून टाकलं, मी चुकेन, पण बोलेन. त्यांनी घरी कोण कोण आहे विचारलं. तुम्ही, याडी आणि शेळ्या सांगितल्या. शेळीला पुरुष केलं. मॅडम हसल्या, मी पुढे बोलतच राहिले. मग विचारलं, आई कुठे असते? नुसतं पुसेगाव म्हटलं असतं तरी भागलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "मा मॅर ए ल्वँ." माझी आई लांब आहे.

हे मी पाठ केलं नव्हतं, बा. कोणी लिहून दिलं नव्हतं. माझं मलाच ऐकू आलं आणि रडू आलं.

आता वाईट ते. कच्च्या मुलींचा जादा वर्ग दिवाळीच्या सुट्टीत आहे. मला येता येणार नाही. याडीला तुम्हीच सांगा. मला फोनवर सांगणं जमायचं नाही.

तुमच्या दोघांच्या मायेवर टिकून असलेली,
शिला


तांडा,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. शिलास आमा दोघांचे आशीर्वाद.

तुझं पत्र याडीला वाचून दाखवलं. पास झाली म्हणल्यावर तिनं हात जोडले. दिवाळीचं सांगितलं तर उठून शेळ्यांकडं गेली. बऱ्याच येळानं आली आन् म्हणली, पोरीचं ते वाक्य पुन्हा वाचा. मी गोरमाटीत सांगाया लागलो तर न्हाई म्हणली. पोरीनं म्हणलं तसंच पायजे.

मी वाचलं. तिनं म्हणून पाहिलं. मॅर जमतं, ल्वँ जमत न्हाई. ते नाकातून काढायचं का, लिही. सोयाबीन काढताना दिवसभर पुटपुटून राहिलीय. बाया इचारतात, जिवनबाई, कुणाशी बोलतेस? ती पदर तोंडाला लावते.

फराळाचा डबा पाठवून राहिलो. तिखट जास्त हाय, तिनं मुद्दाम घातलंय.

काल मला समोर बसवून म्हणली, कागद घ्या आन् एवढंच लिहा. माझं लेकरू लांब हाय, हे त्या भाषेत कसं म्हणायचं, ते शिलाला इचारा.

तेवढं लवकर लिहून पाठव. तिला म्हणायचं हाय.

तुझा बा