ढेरपोट्या शिपायाचा पत्रा

मी, टॅबिथा रॅग, तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारे दिवंगत जोनास रॅग यांची विधवा, वय एकसष्ट, राहणार लंडन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. पाय सुजले आहेत, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. दीर ओबाडाया दोनदा गोड बोलून गेला, ते मी जबरदस्तीत धरत नाही.

१. मला नवऱ्याशेजारी पुरावे. त्यापुरती रक्कम पिठाच्या डब्याखाली आहे. आमच्या चित्रांच्या दुकानाच्या खिडकीला काळे कापड लावू नये. त्या खिडकीने आमच्या दुःखावर पुरेसा धंदा केला आहे.

२. घर भाड्याचे आहे. रंगांच्या वाट्या, कुंचले, मेज आणि माझा लोकरी झगा डॉर्कस पेल हिला द्यावा. सात वर्षे ती माझ्यासमोर बसून छापील चित्रांत रंग भरते आहे. लाल रंग मात्र ओतून टाकावा. आपल्या शिपायांचे कोट आणि शत्रूचे रक्त रंगवून मला त्याची किळस आली आहे. ती विचारेल, "मग काकू, गाल कशाने रंगवू?" पोरी, गाल रंगवूच नकोस.

३. माझी अकरा पुस्तके शेजारचे तांबट एफ्राइम टोझर यांना द्यावीत. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. मला वाचायला कोणी शिकवले नाही. पत्र्यांवरची अक्षरे बघून शिकले, आणि कागदावर सुलटी उमटावीत म्हणून ती पत्र्यावर उलटी कोरलेली असत. त्यामुळे दोन वर्षे मी बायबलसुद्धा आरशात धरून वाचले. टोझर अजून हसतात. हसू द्यावे.

४. घोड्यांचे तीन पत्रे आणि छापण्याचे यंत्र ओबाडायाला. युद्धाच्या चित्रांचे सगळे पत्रे टोझर यांनी वितळवावेत. एकाबद्दल मात्र वेगळे सांगायचे आहे.

फ्रेंचांशी युद्ध सुरू झाले त्या वर्षी नवऱ्याने एक चित्र कोरले: ढेरपोट्या इंग्रज शिपाई गाईच्या भाजलेल्या मांसावर ताव मारतो आहे आणि हाडांचा सापळा झालेला फ्रेंच त्याच्या पायाशी गवत खातो आहे. शिपायाच्या चेहऱ्यासाठी आमचा सायलस बसला होता. अंगाने काडी, म्हणून पोट बापाने पदरचे घातले. गालांचा लाल मी भरला, शेकडो प्रतींवर. चित्र इतके खपले, की गल्लीतली पोरे सायलसला हटकू लागली, "काय रे ढेरपोट्या, अजून इथंच? फ्रेंचांना खाणार कधी?" सहा आठवडे त्याने ऐकून घेतले. मग जाऊन फौजेत नाव नोंदवून आला.

हॉलंडमधून माघार घेताना तो थंडीत मेला. बरोबरचा शिपाई सांगायला आला होता. म्हणाला, "मावशी, शेवटी आम्ही गोठलेले सलगम चाटत होतो." नवऱ्याने पुन्हा कोरणी हातात घेतली नाही. वर्षभरात तेही गेले. त्यांना क्षमा केली की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. स्वतःचेही ठरवलेले नाही.

सायलसची बातमी आली त्याच आठवड्यात ओबाडायाने तो पत्रा पुन्हा यंत्रावर चढवला. मी विचारले, "भावजी, पोराचं तोंड आहे ते. लाज नाही वाटत?"

"वहिनी, चित्र आहे ते. चित्रात कुणी मरत नसतं."

तेव्हापासून पत्रा माझ्या गादीखाली आहे. गेल्या महिन्यात फ्रेंच वेल्सच्या किनाऱ्यावर उतरले आणि हा पुन्हा दारात. "वहिनी, आता तर ढेरपोट्या हातोहात जाईल. आणखी चार पोरं भरती होतील, देशाचं काम आहे." मी त्याच्या तोंडावर दार लावले. मी मेल्यावर दार लावायला कोणी नसेल, म्हणून हा कागद.

हा पत्रा आज मी टोझर यांच्या हाती देत आहे. त्यांनी तो ठोकून त्याची किटली करावी आणि डॉर्कसला द्यावी. पण सायलसचे दुसरे चित्र जगात नाही. म्हणून आधी चेहरा तेवढा कापून घ्यावा आणि पुरताना माझ्या मुठीत ठेवावा.

यात नवऱ्याची एक चूक मला उपयोगी पडली. अक्षरे त्यांनी नेमाने उलटी कोरली, पण चेहरा कोरताना पोराकडे बघत राहिले आणि दिसला तसाच कोरला. त्याच्या डाव्या भुवईवर व्रण होता. पत्र्यावर तो डाव्या भुवईवरच आहे, कागदावर उजव्या. लंडनने विकत घेतला तो उलटा सायलस. सुलटा माझ्याजवळ राहू द्यावा.

हे सर्व वाचून, समजून सही केली.
टॅबिथा रॅग
लंडन, २१ मार्च १७९७

साक्षीदार:
मार्था क्विल, मेणबत्त्या विकणारी
जॉब हॅदरली, पाववाला

पत्रा आज मिळाला. कुठून कापायचे ती रेघ बाईंनी स्वतः मारून दिली आहे. — एफ्राइम टोझर, तांबट